बाईंचं झाड, माझं झाड

माझ्या निरोप समारंभाच्या खुर्च्या मेंगबाईंच्या झाडाखाली मांडलेल्या दिसल्या आणि माझं डोकंच फिरलं. समारंभ माझा, आणि सावली मात्र त्यांची!

कोरियातल्या आमच्या गोंग्जूच्या या महिला कॉलेजात एक जुनी रीत आहे. नवा अध्यक्ष आला की अंगणात गिंकोचं रोप लावतो आणि बुंध्याशी त्याच्या नावाची शिळा बसते. माझ्या आधीच्या अध्यक्षा मेंग तोक-सुन. त्यांचं झाड नर निघालं. शरदात असं पिवळंधमक होतं की गावातली नवी जोडपी फोटोसाठी रांगा लावतात. माझं रोप बावीस वर्षं मुकाट वाढलं. गिंको नर की मादी, हे मोठं होऊन फळेपर्यंत कळत नाही. यंदा, नेमकी मी निवृत्त होताना, ते फळलं. मादी! आणि ते फळ खाली पडून पिचकलं की जो वास सुटतो, तो म्हणजे कुजलेलं लोणी आणि तुंबलेली मोरी एकत्र. पोरी नाक दाबून पळतात आणि त्याला 'अध्यक्षबाईंचं अत्तर' म्हणतात. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं.

मी आले तेव्हा छत गळायचं. पावसाळ्यात बादल्या मांडून मी रसायनशास्त्र शिकवलंय. नर्सिंग विभाग मी आणला, वसतिगृह मी बांधलं, ग्रंथालयासाठी मंत्रालयाचे उंबरे मी झिजवले. मेंगबाईंनी काय केलं? पोरींना नावानं हाक मारली आणि किमचीचं लोणचं घालायच्या दिवसांत त्यांच्याबरोबर बसून कोबीला मिरचीचा मसाला चोळला. बस्स. पण माजी विद्यार्थिनी जमल्या की विषय एकच, आमच्या बाई. मी नुसती अध्यक्ष, त्या बाई. जळायला एवढं पुरतं, आणि मी पोटभर जळले आहे.

"रागावू नका, अध्यक्षबाई," बांग साहेब म्हणाले. उद्यापासून माझ्या खुर्चीत हेच बसणार. "तुमच्या झाडाखाली पाहुणे जेवणार कसे?"

"नाकानं जेवतात का पाहुणे?"

ते हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणखी एक. विश्वस्त म्हणतायत, पुढच्या आठवड्यात ते काढून तिथं नराचं कलम लावू. तुमची शिळा राहीलच की."

"झाड भलतंच आणि नाव माझं? मग वर्षातून एकदा पितरांना ओततात तशी दारूही ओता त्या शिळेपुढं. थडगंच की ते!"

एवढं बोलून मी भाषणाला उभी राहिले. कॉलेजची वाटचाल सांगायची होती. छतापासून सुरुवात केली, वसतिगृहाच्या पायापर्यंत पोचले, तोच फाटकातून मेंगबाईंची बटणावर चालणारी चाकांची खुर्ची गुरगुरत आत आली. नव्वदी उलटलेली, पण डोक्यावर लाल टोपी. "बाई आल्या! बाई आल्या!" करत सगळे पाहुणे उठले. माझं वसतिगृह पायातच राहिलं.

भाषण कसंबसं संपवलं, जेवणं सुरू झाली आणि मी ताट न घेताच माझ्या झाडाकडे निघाले. तिथं वासामुळे तरी कोणी येणार नव्हतं. पाहते तर बाई आधीच हजर. खुर्चीतून वाकून उघड्या हातांनी पिचकी फळं गोळा करत होत्या.

"बाई, अहो हात! पुरळ उठेल!"

"उठू दे."

तेवढ्यात दोन माजी विद्यार्थिनी धावत आल्या, प्रेमानं बाईंचे हात हातात घेतले आणि तितक्याच वेगानं सोडले. "येतोच हं बाई," म्हणत पळाल्या. मला आतून गुदगुल्या झाल्या.

"आता कुणी फिरकायचं नाही," बाई म्हणाल्या आणि मलाही नावानं हाक मारली. "बस, इन-हे. भारी पीक आलंय गं तुझं. आतली बी भाजून मीठ लावलं की काय लागते! माझ्या झाडाखाली नुसते फोटो."

"मग द्या ना ते फोटो मला."

"घे की. मी टेकडीवर राहते, ठाऊक आहे ना? खिडकीतून आधी नदी दिसायची. मग तुझं वसतिगृह उभं राहिलं, मग ते ग्रंथालय. प्रत्येक वेळी मी पडदा ओढायची आणि म्हणायची, बांधलं का आणखी एक, मेलीनं!"

"खरंच म्हणायचात?"

"अजून म्हणते."

बावीस वर्षांत इतकं गोड मला कुणी बोललं नव्हतं. मी त्यांच्या खुर्चीशी गवतावर बसले. पण बाईंना कुणाला फार वेळ सुखात बघवत नाही.

"मात्र एक आहे हं," त्या म्हणाल्या. "मादी एकटी फळत नाही. पराग माझ्या झाडाचे."

"म्हणजे फळंही तुमचीच!"

"आणि वासही."

नाकाला रुमाल लावून बांग साहेब आले. "बाई, इथं काय बसलात? या घाणीचा पुढच्या आठवड्यात बंदोबस्त करतोय."

मी तोंड उघडणार होते, पण बाईंनी हात वर केला.

"बाळा, फळं धरतात माझ्या झाडामुळं. मग आधी माझं तोड."

बांग साहेबांचा रुमाल खाली आला. "काहीतरीच काय, बाई! तुमचं झाड तोडलं तर गाव मला जिवंत ठेवेल का?"

"मग हिचंही राहू दे. गुन्हा दोघांचा आणि फाशी एकाला, हे माझ्या कॉलेजात चालणार नाही."

*माझ्या* कॉलेजात!

ते परत जाऊन विश्वस्तांच्या कानाशी लागले आणि विश्वस्तांनी माना डोलावल्या. बघता बघता ताटं घेतलेल्या बायका आमच्याकडे वळल्या. टाळ्या वाजल्या. कुणीतरी ओरडलं, "बाईंनी झाड वाचवलं!"

माझं झाड वाचलं. आणि तेही बाईंच्याच खात्यात जमा झालं.