वंशावळीची अकरावी आवृत्ती

डॉक्टर म्हणाले, "बाबांना बोन मॅरो लागेल. रक्ताचं माणूस शोधा."

माझं तपासलं, तर अर्धंच जुळलं. बाबांचं माझ्याबद्दल आधीपासून हेच मत आहे.

"सख्खं भावंड असेल तर उत्तम. पण महिन्याभरात व्हायला हवं."

"मला भावंड नाही," बाबा म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले, की डॉक्टरांनी मान हलवली आणि मला संशय आला.

आमच्या घराण्याची वंशावळ बाबांच्या ताब्यात आहे. कुणी लग्नाला आलं नाही, कुणी नेलेली शिडी परत केली नाही, की बाबा त्याला वंशावळीतून काढत. खोडत नसत, कारण खोडलं की खूण राहते. त्या माणसाला वगळून ते अख्खी वंशावळ नव्याने सुवाच्य अक्षरात लिहीत आणि जुनी प्रत फाडून टाकत. सध्या अकरावी आवृत्ती चालू आहे. तिच्यात आमच्या खानदानात सात माणसं उरली आहेत. पैकी पाच वारलेली आहेत, म्हणूनच बाबांशी जमवून आहेत.

मी जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी ठेवतात त्या कार्यालयात गेलो. तळघरात एक बाई स्वेटर घालून बसल्या होत्या. मी आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"खळवाल्यांचे कोण तुम्ही?"

"कुठले खळवाले?"

"एक गृहस्थ यायचे इथे. वही मागायचे, शांत बसायचे. एक दिवस एका नोंदीवर पांढरा कागद चिकटवून गेले. सरकारी वहीवर! मी चहाच्या किटलीची वाफ देऊन सोडवला तो. दोन दिवस लागले. त्यांना आता प्रवेशबंदी आहे."

"मी त्यांचा मुलगा."

"हात दाखवा," बाई म्हणाल्या. हाताला खळ नाही हे पाहून मग वही काढली.

कागदाखाली मुलगी होती. बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान, आई तीच, वडील तेच. जन्माच्या नोंदीवरून लग्नाची नोंद सापडली, लग्नावरून सासरचं आडनाव, आडनावावरून शहरातली नऊ घरं. आठ घरांनी आमचा तुमचा काही संबंध नाही असं सांगितलं. एका आजोबांनी मात्र संबंध नसतानाही तासभर बसवून घेतलं. नवव्या घराचं दार उघडलं, तर समोर बाबांचं नाक उभं होतं, फक्त केस लांब.

"दादाचा मुलगा ना तू?" ती म्हणाली. "काय झालंय त्याला?"

मी सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि चपला घातल्या. वाटेत मी विचारलं, "आत्या, तुमचं भांडण कशावरून?"

"आईचं शिवणयंत्र. आईनेच दिलं मला. दादा म्हणतो, त्याला न विचारता नेलं. तो शिवतो का?"

"नाही."

"तेच म्हटलं मी. तेच चुकलं."

आठवड्याने डॉक्टर हसतच आले. "दहाच्या दहा खुणा जुळतायत! असं बहुधा सख्ख्यातच मिळतं."

"मग तुमच्या लॅबमध्ये चूक आहे," बाबा म्हणाले.

मी नोंदीची शिक्क्याची नक्कल पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी करून पाहिली. "नक्कल आहे ही. मूळ कुठेय?"

"मूळ नोंदीवर तुम्ही खळ लावलीत, बाबा."

दारात आत्या उभी होती. बाही वर करूनच आली होती, जणू आत्ताच टोचणार आहेत. "दादा," ती म्हणाली. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीलाच म्हणाले, "लेखी द्यायला सांग तिला. काय केलं, केव्हा केलं, आणि चूक झाली म्हणून. मग मी संमतीपत्रावर सही करतो."

आत्याने बाकावर बसून लिहून दिलं. बाबांनी पेन्सिलीने तपासलं आणि परत पाठवलं, तारीख नव्हती. दुसऱ्या खेपेला तारीख होती, पण 'आईच्या संमतीने' हे शब्दही होते. तिसऱ्या खेपेला समास सोडला नव्हता. एकेका खेपेला दोन-तीन दिवस जायचे, कारण बाबा थकायचे आणि थकल्यावर नीट वाचल्याशिवाय मत देणं त्यांना पटत नसे. मी एकदा म्हटलं, "बाबा, मरताय तुम्ही." ते म्हणाले, "म्हणून काय अशुद्ध सोडू?"

चौथ्या खेपेच्या सकाळी त्यांना ताप भरला. दुपारपर्यंत छातीत उतरला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आता शरीराला झेपणार नाही, म्हणाले, आता फक्त त्रास होऊ नये एवढंच बघू. मागच्या आठवड्यात सही झाली असती तर, असंही काहीतरी म्हणाले आणि अर्ध्यावर थांबले. भला माणूस.

मी बाहेर आलो. आत्या बाकावर मांडीवर मासिक ठेवून, त्यावर कोरा कागद ठेवून लिहीत होती. समास पट्टीने आखला होता.

"बरं झालं आलास," ती मान वर न करता म्हणाली. "'न विचारता नेलं' लिहू की सरळ 'चोरलं' लिहू? 'चोरलं' लिहिलं तर मानेल तो एकदाचा."

"काहीही लिही, आत्या," मी म्हणालो आणि तिच्या शेजारी बसलो.