आयकलंस काय गो?

मित्रांनो, माझ्या पालथ्या पाठीवर आज सुकटी वाळते आहे, म्हणून मला खडक समजू नका! मी पूर्णगडच्या खाडीवरची, तरीची, म्हणजे उतारूंना खाडीपार नेणारी, जुनी होडी आहे. आंब्याच्या फळ्यांची, मुशी माशाचं तेल पिऊन काळी झालेली. मुंबईच्या आगबोटीतून उतरलेले पाव्हणे माझ्यात बसताना हटकून विचारायचे, "बुडणार नाही ना?" जणू मी खरं सांगितलं असतं!

माझा तारी बाबल्या. पलीकडचा धक्का कांदळाच्या झाडीआड दिसत नसे, म्हणून तिकडचा उतारू 'कूऽऽ' घालायचा आणि बाबल्या मला ढकलायचा. पण त्याला न घातलेली कूही ऐकू येई. आम्ही रिकामे जायचो, रिकामे यायचो. पुढे कानातली माणसं बोलूही लागली. त्यांतला एक आवाज तर हुबेहूब पलीकडच्या गावच्या प्रमुखाचा, काशीराम गावकराचा, तस्साच घोगरा. भगताने कोंबडे खाल्ले. आवाज होते तिथेच!

मग बाबल्याच्या बायकोने, सगुणाने, आपली रीत बसवली. झोप वेळेवर. नमनाचे खेळ बघायला जागरण नाही, कारण जागरण झालं की कानात बाजार भरे. आणि हाक आली की आधी तिला विचारायचं, "आयकलंस काय गो?" ती होय म्हणाली तर वल्हं उचलायचं, नाय म्हणाली तर विडी पेटवायची. आवाज गेले नाहीत, पण तरीच्या फेऱ्या नीट चालू लागल्या! दुसऱ्या कुणाला मात्र तो विचारत नसे. पूर्वी टवाळांनी "होय होय, आयकलं" म्हणून त्याला फुकट पिटाळलं होतं. त्यात तुमच्या वयाचेही होते, बरं का!

काशीराम म्हणे, "येड्याच्या हाती गावाची होडी? शिमगा झाला की गाव बैठकीला बसवतो आणि वल्हं माज्या भाच्याला, रघूला देतो." वल्हं गेलं तर बाबल्या दिवसभर त्या आवाजांच्याच तावडीत सापडेल, ही सगुणाची धास्ती.

आणि मग तो दिवस! काशीरामच्या मुलाचं लग्न, मुहूर्त गोरज, नवरी आमच्या काठावर. वेड्याच्या होडीत वऱ्हाड नको म्हणून गावकराने मोठा मचवा ठरवलेला. ओहोटी लागली आणि तो मचवा पलीकडेच चिखलात रुतला!

"बाबल्याऽऽ! होडी आण रेऽऽ!"

सगुणा पालीच्या बाजाराला गेलेली. बाबल्या हसला. "बोंबल! मी काय फसत नाय."

मी ऐकत होते, मित्रांनो! पण होडीला तोंड कुठे? मी खुंट्याला हिसडे दिले, तर हा मलाच थोपटतो, "गप गो."

ऊन उतरलं. हाका चिरकल्या. बाबल्या उठला, बसला, पुन्हा उठला. जवळच चिखलात ताजबी कालवं फोडत होती. तिची जीभ तिच्या कोयतीहून धारदार! ही हसली, तर दिवे लागेपर्यंत दोन्ही गावं हसणार. तरी बाबल्याने विचारलंच, "ताजबी, आयकलंस काय गो?"

तिने कोयती ठेवली, हात पुसले, कान दिला.

"होय रे बाबल्या. काशीराम बोंबलतोय. तुजा कान बरा हाय, त्याचा घसाच वायट. धाव!"

काय सुटले मी! गावकर, नवरा आणि भटजी, तिघांना घेऊन परत फिरले. मध्यावर गावकर कडाडला, "कानात बोळे घातलेस काय रे?"

"तुमचा आवाज मला रोजच येतो, गावकर. खरा कुठला, ते विचारून घ्यावं लागतं."

"रोज? काय बोलतो मी?"

"वल्हं सोड म्हणता."

पाण्याला ओढ जबर. नवऱ्याचं बाशिंग थरथरत होतं. काशीरामने दोन्ही हातांनी माझा काठ पकडला.

"सोडू नको रे बाबा," तो घोगरा आवाज म्हणाला. "घट्ट धर."

बाबल्याने भटजींकडे पाहिलं. "आयकलंत काय हो?"

"ऐकलं, ऐकलं! वल्हव आता!"

शिमग्यानंतर गाव बैठकीला बसला, पण वल्ह्याचा विषय कुणी काढला नाही. मित्रांनो, तुम्हालाही कधी कुणी असं विचारेल. तेव्हा हसू नका. नीट कान द्या, आणि होय तर होय, नाय तर नाय, एवढंच खरं सांगा. त्यावर माणूस खाडी पार करतो.