गुडघ्याला गुडघा

अंबाजोगाईच्या आश्रुबा गुरवाचं अख्खं घर गाण्यातलं. आश्रुबा पखवाज वाजवायचा, मुलगा बद्रीनाथ सारंगी, आणि लेक शिवकन्या धृपद गायची. तिला केजला दिलेली, पण मार्गशीर्षात देवीच्या उत्सवाला ती हटकून माहेरी यायची. आश्रुबाची बायको सुंदरबाई तंबोरा धरायची. तिला कुणी गायला सांगितलं तर म्हणायची, "मी गाया लागले तर ह्यांच्या चुका कोन धरंल?" घरच्या बायकांनी चारचौघांत गावं हे गावातल्या काही शहाण्यांना खुपायचं. पण उत्सवात हेच शहाणे सगळ्यांत आधी येऊन पुढची जागा पकडायचे आणि माना डोलवायलाही तेच पुढं.

ह्या घराची बसायची रीत न्यारी होती. चौघंही गोल बसायचे, एकमेकांकडे तोंड करून. ऐकणाऱ्याच्या वाट्याला कुणाची तरी पाठच यायची, पण तक्रार कुणी केली नाही. बद्रीनाथची भुवई जरा वर गेली की शिवकन्येनं पुढची जागा घेतलीच म्हणून समजा. सुंदरबाईनं डोळे मिटले की सूर लागला. चार माणसं एका दमानं श्वास घेतात हे पाहायला सुद्धा लोक चार कोसांवरून येत, आणि ते उगीच येत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आश्रुबा तापातून उठला तो कान घालवूनच. आधी थोडं कमी ऐकू येऊ लागलं, मग जवळजवळ गेलंच. तो ह्याबद्दल चकार शब्द बोलला नाही आणि घरच्यांनीही काढला नाही. गोलात बसलं की शिवकन्या मांडीवर हातानं ताल धरायची, तो त्या हाताकडे पाहत वाजवायचा, आणि चौतालाच्या बारा मात्रांतली एक इकडची तिकडे व्हायची नाही. बाहेर कुणी त्याला काही विचारलं तर बद्रीनाथ चटकन मध्ये पडून उत्तर द्यायचा. गावाला वाटायचं, पोरगं आगाऊ आहे.

त्या साली उत्सवाच्या दिवसांतच जिल्ह्याचा कारभार पाहणारे तालुकदार साहेब दौऱ्यावर आले आणि गावच्या देशमुखांनी त्यांच्यासाठी आपल्या वाड्यात सकाळची बैठक ठेवली. साहेब गाण्यातले दर्दी, हैदराबादेत भले भले ऐकलेले. पण त्यांचे कागद सांभाळणारा पेशकार म्हणजे साहेबापेक्षा सवाई साहेब. चौघं गोल करून बसायला लागलेले पाहून तो धावतच आला.

"हे काय बे? हुजुरांकडं पाठ करून बसता? एका रांगेत बसा, तोंडं समोर. आन कुणी मान वळवायची न्हाई!"

"सरकार, आमची रीतच हाय तशी," बद्रीनाथ हात जोडून म्हणाला.

"रीत घरी ठेवायची."

देशमुखही नजरेनं विनवू लागले. काय करणार? बसले रांगेत. एका टोकाला सुंदरबाई, मग बद्रीनाथ, मग शिवकन्या, आणि दुसऱ्या टोकाला आश्रुबा.

शिवकन्येनं शेजारी बसलेल्या आबाकडे, आपल्या बापाकडे, पाहिलं. आबाला आता तिचा हात दिसणार नव्हता. भर बैठकीत तो तालाला चुकला तर? चाळीस वर्षं ज्यानं देवीपुढं पखवाज वाजवला, त्याला पेशकारासारखा माणूस हसला तर? ती बापाला पुरती ओळखत होती. तो रागावणार नाही, रडणार नाही. घरी जाऊन पखवाजाला गवसणी घालील आणि पुन्हा कधी काढणार नाही.

सुंदरबाईनं तंबोरा छेडला. शिवकन्या साडी सावरण्याच्या निमित्तानं हळूच सरकली आणि तिनं आपला गुडघा आश्रुबाच्या गुडघ्याला टेकवला. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही, पण पाय मागे घेतला नाही.

तिनं तोडी रागाचा आलाप सुरू केला. साहेब पहिल्या दोन सुरांतच ताठ बसले. धृपद उचललं तशी शिवकन्या गुडघ्यानं मात्रा देऊ लागली, आणि आश्रुबाची थाप अशी पडली की देशमुखांच्या हातातलं पान हातातच राहिलं. काय तो हात होता! पासष्टीचा म्हातारा, पण बोल कसे सुटे, टपोरे. बद्रीनाथची सारंगी बहिणीच्या आवाजाला इतकी लगटून चालली होती की आवाज कुठला आणि तार कुठली, सांगता येऊ नये.

शिवकन्येचं सगळं चित्त मात्र गुडघ्यात. आबाला मात्रा पोचते ना, नीट पोचते ना, ह्याच घोरात ती होती. पहिला भाग निभावला. दुसऱ्या भागात तिनं वरचा षड्ज लावला, तो इतका सुरेख लागला की साहेबांच्या तोंडून "वाह" निघालं, आणि त्या एका क्षणात तिची मात्रा सुटली.

सातवी होती की नववी? सम कुठं आहे? गुडघा थांबला. तिनं सूर लांबवून धरला, बद्रीनाथही तिच्यामागं सूर ओढत राहिला, पण तो तिच्याच भरवशावर होता. मान वळवायची सोय नव्हती. दम संपत आला.

तेवढ्यात तिच्या गुडघ्याला धक्का बसला. आश्रुबानं आपल्या गुडघ्यानं तिचा गुडघा ढकलला होता. मग पुन्हा. तो मात्रा देत होता! एक बोल त्यानं तीनदा वाजवला, दर खेपेला गुडघा दाबून सांगत, ही एक, ही दोन, आणि ही बघ आली. शिवकन्येनं धृपदाचा मुखडा उचलला आणि दोघं मिळून समेवर असे उतरले की सगळी बैठक एकदम ओरडली.

धृपद संपलं तेव्हा साहेब जागेवरून उठून पुढं आले. "आश्रुबा, ऐसा पखवाज हमने हैदराबाद में भी नहीं सुना! किसके शागिर्द हो?"

आश्रुबा नुसता हसत राहिला. बद्रीनाथ नेहमीसारखा उत्तर द्यायला सरसावला, तसा आश्रुबानं हात आडवा धरला.

"हुजूर काय इचारतात ते मला ऐकू येत न्हाई," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "दोन वरसं झाली, कान गेलेत. ह्या तिघांनी झाकून ठिवलं मला."

पेशकाराचं तोंड उघडंच राहिलं. शिवकन्येला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. देशमुखांनी पखवाजाकडे बोट दाखवून हातानंच विचारलं, मग हे कसं वाजवलंस?

"ही लेक हाय ना, ती हात धरून चालवती. दोन वरसं समदे मलाच सांभाळत्यात. लई जपत्यात. मला वाटाया लागलं व्हतं, आता आपुन नुसतं वझं हाय ह्यांच्यावर." तो शिवकन्येकडे वळला. "आज ही चुकली, आन मला काम लागलं. पोरी, लई ब्येस झालं तू चुकलीस."

शिवकन्येचे डोळे भरून वाहू लागले. गावाला कळू नये म्हणून घरात त्याच्याशी कुणी कधी मोठ्यानं बोललं नव्हतं. तिनं आता सगळ्यांदेखत त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ठणाणा ओरडून विचारलं, "आबा, पाणी देऊ का?"

"दे," आश्रुबा म्हणाला. "आन वरडू नगंस येवढी, लोकाचं घर हाय."