प्राणद्रव आणि अर्धा बटाटा

सभागृहात पन्नास दुकानदार बसले होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर आपापल्या भागातल्या मातीची पुडी होती. बियाणं आणि खतं विकण्यात केस पिकलेली ही माणसं. पण समोरच्या टेबलावरच्या काचेच्या पेल्यांकडे ती अशी बघत होती, जणू आतून कुणी हाक मारणार आहे.

कंपनीचा माणूस स्वतःला मृदामित्र म्हणवून घ्यायचा. बूट मात्र मातीशी कधी ओळखही झाली नसावी इतके चकचकीत. "तुमची माती मेलेली आहे," नातेवाइकांना वाईट बातमी द्यावी तशा हळू आवाजात तो म्हणाला. मग पेल्यात माती टाकून निळ्या बाटलीतलं प्राणद्रव ओतलं. माती फसफसली आणि पांढरा फेस काठापर्यंत चढला. "बघा, उठली."

एकेकाची पुडी पुढे गेली. प्रत्येक माती उठली. आपल्याच मातीचा फेस सर्वांत उंच होता, यावर पन्नासही जणांचं एकमत होतं.

मग अट आली. एका भागात एकच विक्रेता. त्यानं बाकी सगळ्या कंपन्यांच्या एजन्सी सोडायच्या आणि फळीवर फक्त प्राणद्रव ठेवायचं. सही आजच. उद्या तो भाग शेजारच्या दुकानाचा.

तिसऱ्या रांगेत कुंडीवाले बसले होते. हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं. दुकानाच्या पायरीवर त्यांच्या कुंड्या असत, आणि कुठलाही नवा माल एक हंगाम कुंडीत तगल्याशिवाय ते विकत नसत. 'कुंडीत काय झालं?' एवढंच लोक विचारत आणि पिशवी उचलत. तीस वर्षांची सगळी कमाई म्हणजे हा विश्वास. पण आज एक हंगाम थांबायला वेळ कुणाला होता? एकमेव विक्रेता या दोन शब्दांनी त्यांच्या डोक्यातली कुंडी केव्हाच लवंडली होती.

दुकान थोरल्या बहिणीच्याही नावावर होतं, म्हणून तिची सही लागणार होती. ती नर्स. दवाखान्यातली पाळी संपवून थेट इथे आली, भावाच्या पेल्यातला फेस पाहिला, बाटलीचा वास घेतला.

"हे तर मी रोज जखमांवर ओतते," ती म्हणाली.

मृदामित्र मायेनं हसला. हे विज्ञानाच्या पलीकडचं असल्याचं त्यानं सांगितलं. ताई सभागृहामागच्या स्वयंपाकघरात गेली आणि दोन बटाटे घेऊन आली, एक कच्चा, एक उकडलेला. कच्चा कापून तिनं त्यावर द्रव ओतला. फेस असा आला की पुढच्या रांगेनं पाय वर घेतले.

"याला कुठला भाग देताय?"

हशा पिकला. मृदामित्र डगमगला नाही. "ताई, बटाट्यातही प्राण असतो."

"मान्य. हा उकडलेला. याच्यातला गेला. आता उठवा."

त्यानं ओतलं, मग आणखी ओतलं. उकडलेला बटाटा ओला झाला, एवढंच.

मग तिनं सगळ्यांना सांगितलं. बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड. सजीव पेशींमध्ये एक घटक असतो, तो त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतो. त्या वायूचा हा फेस. उकडल्यावर तो घटक निकामी होतो, म्हणून दुसरा बटाटा नुसता ओला झाला. मातीत जिवाणू असतातच, म्हणून तीही फेसाळते. म्हणजे फेस आला, तर माती मेलेली नव्हतीच. "आणि हे जखमेवर आम्ही जंतू मारायला ओततो," ती म्हणाली. "तुम्ही जिवंत मातीवर ओतून वर ती उठली म्हणताय."

कुंडीवाल्यांच्या हातातलं पेन मघापासून कागदावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा ठिपका पडला होता; सही झाली नव्हती. "ताई, मी कुंडीला विचारलंच नाही गं," ते पुटपुटले.

"म्हणून तर मला बटाट्याला विचारावं लागलं."

एवढं होऊनही सतरा जणांनी सह्या केल्या. तो बटाटाच खास होता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या दिवशी कुंडीवाल्यांच्या पायरीवर दोन कुंड्या दिसल्या. माती तीच, बी तेच. एकीत साधं पाणी, दुसरीत प्राणद्रव. कुणी विचारलं की ते एवढंच सांगत: कुणी एका पेल्यात चमत्कार दाखवला, तर दुसरा पेला मागायचा, आणि त्यात काय टाकायचं ते आपण ठरवायचं. जो दुसरा पेला देत नाही, त्याच्या कागदावर सही करायची नाही.