बाटलीतल्या लेकी

मित्रांनो, मी ऑर्किडची एक जुनी आई आहे. काचघराच्या दारापाशी तारेला टांगलेल्या लाकडी टोपलीत माझा संसार आहे. एके काळी माझ्या जांभळ्या तुऱ्यासाठी लोक दारात थबकत. मग मालकीणबाईंच्या सुनेने माझा एक कोवळा कोंब कापून प्रयोगशाळेत नेला. त्याच्या बारीक फोडींपासून बाटल्या भरून लेकी घरी आल्या, आणि माझ्याकडे बघायला कुणाला सवड उरली नाही.

कसली ती नाजूक रोपं! बाटलीत आयतं अन्न, ना वारा ना ऊन. बाहेर काढल्यावर झुळकीनेही माना टाकत. मग त्यांच्यासाठी समुद्री शेवाळाचा अर्क आला. त्याने मुळं लवकर धरतात म्हणे. सून तो थेंब थेंब मोजून पाण्यात मिसळायची, वर रोपांशी लाडं लाडं बोलायची. मला नळाचं पाणी, तेही आठवलं तर. मी नुसती जळत होते.

मालकीणबाईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, ते थेंब पटत नव्हते. "एवढ्याने चिमणीची तरी तहान भागेल का?" म्हणत त्यांनी एका दुपारी झाकणभर अर्क पाण्यात ढवळून रोपांना घातला. पुढे पानांची टोकं करपली. मला आतून बरं वाटलं. करा आता लाड.

"आई, तुम्ही अर्क घातलात का?"

"जरासा, रविवारी दुपारी. तुझा हात फार आखडता."

"अहो, मी त्याच सकाळी दिला होता."

सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे मीच मारली की गं पोरं."

"धुऊन काढू. पाणी धरा तुम्ही."

दोघींनी मुळं हलक्या हाताने धुतली. "आता यांना ऊन नको, वारा नको. ठेवू कुठे?" सून म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आईखाली ठेव की."

ट्रे माझ्या पानांखाली आला. मुळं धुतलेलं पाणी माझ्या टोपलीत ओतलं. म्हणजे लेकींचं उष्टं. प्यायले. वाईट नव्हतं.

काही रोपं गेलीच. उरलेल्यांतल्या एकीला परवा नवं मूळ फुटलं, हिरव्या टोकाचं, थेट माझ्यासारखं. ते बघायला वाकताना सासूबाईंचं डोकं माझ्या टोपलीला आपटलं. कपाळ चोळत त्यांनी वर पाहिलं. "अगं, हिलाही नवं मूळ फुटलंय."

मित्रांनो, कोवळ्या जिवाचे लाड करा, पण घास भरवण्याआधी एकमेकांना विचारा. आणि ज्या जुन्या झाडाच्या सावलीत ते लाड चालतात, त्यालाही तांब्याभर पाणी घाला. त्यात अर्काचा एखादा थेंब पडलाच, तर मी नाही म्हणणार नाही.