मिरचीच्या मुळाशी राहायला आलेली

पहिली चूक माझी. मी मावशीला खरं सांगितलं.

"पुडीत काय हाय?" नर्मदा मावशीने विचारलं आणि मी म्हणालो, "बुरशी."

दातिवऱ्यात, मासळी सुकवणाऱ्या घरात, समोर वलांडीच्या बांबूंवर बोंबील टांगलेले असताना हा शब्द कोणी काढत नाही. मावशीने आधी बोंबलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मला कोपरापर्यंत साबण लावायला लावला.

"मावशी, ही चांगली बुरशी. मिरचीच्या मुळात राहते. तिचे केसाहून बारीक तंतू लांबून पाणी आणतात. जमीन खारट असली तरी मीठ पानांपर्यंत कमी पोचतं. बदल्यात मिरची तिला साखर देते."

"दिसते कशी?"

"नुसत्या डोळ्यांना दिसत नाही."

"मंग तर अजून वाईट."

तरी पुडी रोपांच्या खड्ड्यांत गेली, कारण दुसरा इलाज नव्हता. खाडीच्या बांधाला भेग पडल्यापासून उधाणाचं पाणी शेतात झिरपत होतं. आधीची मिरची जळून गेली होती. मावशीचे यजमान, मारुती काका म्हणाले, आता खणून कोळंबीचं तळंच करू. पण एकदा खारं पाणी आत घेतलं की ती जमीन परत जमीन होत नाही. मावशीच्या आयुष्यात न हलणारी गोष्ट म्हणजे हीच एक जमीन, बाकी सगळं पाण्यावर. शेवटी ठरलं, की पौर्णिमेच्या उधाणानंतर मिरची उभी राहिली तर शेत, नाहीतर तळं.

काकांचा मिरचीवर एवढा विश्वास, की रोपं गुडघ्याला लागली तेव्हाच त्यांनी जेसीबी बोलावून ठेवला. तो शेताच्या कडेला थांबला, ड्रायव्हर आमच्याकडे जेवायला.

"मौसी, थोड़ी मिर्ची और मिलेगी?" त्याने विचारलं. कोणी हसलं नाही.

पौर्णिमेला भर दुपारी पाणी चढलं. बांधाच्या पायथ्याशी बुडबुडे येऊ लागले. शेत पायाखाली मऊ झालं, जणू खालून कोणीतरी श्वास घेत होतं. मावशी घरात नव्हती. मासे खारवायच्या जाड्या मिठाचं पोतंही नव्हतं.

मी पळालो. वलांडीकडच्या मिरचीच्या रांगेत मावशी मुठीमुठीने मीठ फेकत होती.

"मावशी, मीठ? मिठापासूनच तर वाचवायचंय!"

"तू मिरचीचं बघ, मी बोंबलांचं बघते. ती बुरशी इकडं चालत आली तर?"

"तिला पाय नाहीत!"

"दिसत नाय म्हणतोस, मंग पाय नाय ते तुला कसं कलतं? खारवलेल्या घोळ माशाला बुरशी बघितलीस कदी?"

नव्हती बघितली. मी पोतं ओढलं, तिने ओढलं. दोघंही सोडत नव्हतो, पण वेगवेगळ्या भीतीने. तेवढ्यात पाणी आमच्या घोट्यांना लागलं आणि आतलं मीठ विरघळून पोतं आपोआप हलकं होऊ लागलं.

संध्याकाळी सगळी मिरची माना टाकून होती.

सकाळी जेसीबीच्या आवाजाने जाग आली. मी डोळे मिटूनच शेतापर्यंत गेलो, म्हणून एकदा पडलो. मग उघडले. शेवटची रांग, जिला पुडी पुरली नव्हती, तपकिरी होऊन आडवी. मावशीने मीठ फेकलेली रांगही आडवी. मधली सगळी रोपं करपलेल्या टोकांनी, कशीबशी, पण उभी.

मावशी मिठाच्या रांगेपाशी बसली. "ही मी मारली," ती म्हणाली.

काकांनी मधलं एक रोप धरून ओढलं. आलं नाही. ते हात झटकून ड्रायव्हरकडे वळले. मग म्हणाले, "उधर लो. बांध पे मिट्टी डालो."

जेसीबी बांधाकडे वळला. मावशी मात्र जमिनीकडेच बघत होती.

"भाग्येश, ती बुरशी साखर खाते म्हणालास ना?"

"हो."

"आनि देणार मिरची? तिची हालत बघ."

ती उठून घरात गेली. मी चहा टाकायला गेलो तर साखरेचा डबा रिकामा आणि मावशी घरात नाही.

मी परत पळालो.