नऊ वर्षं ठोकळ्यांवर

मी एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे. वेग, सौंदर्य आणि स्वातंत्र्य एकत्र ओतून माणसाने घडवलेलं सर्वोत्तम शिल्प कोणतं, असं विचाराल, मित्रांनो, तर नम्रपणे सांगते: मी. हे शिल्प गेली नऊ वर्षं एका गॅरेजात चार लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं. चाकं जिन्याखाली. कार्ब्युरेटर स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात. माझ्या दोन्ही सीट दिवाणखान्यात. त्यांवर पाहुणे बसत आणि उठताना हात मागत.

मला राग आलेला आहे. आधीच सांगून ठेवते.

माझा पत्रा एका टकल्या कारागिराने लाकडी हातोडीने ठोकून वळवला. पुढे मी बोटीने इकडे आले आणि ताईंची झाले. ताई बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर. सीट दोनच, पण एकदा दवाखान्याकडे ताई आणि एक अडलेली बाई अशा दोघी निघाल्या आणि पोचल्या तेव्हा तिघं होती. सीटवर त्याचा डाग आहे. मला त्याचा अभिमान आहे.

मग माझी गिअरपेटी गेली, आणि ताईंचा धाकटा भाऊ वीज कार्यालयातून निवृत्त झाला. दोन्ही संकटं एकाच आठवड्यात.

"ताई, सहा महिने दे. नव्यासारखी करतो!"

कार्यालयात तो हाताखालच्यांचे अहवाल लाल शाईने दुरुस्त करायचा. आता माझं माहितीपुस्तक दुरुस्त करू लागला. सुटा केलेला प्रत्येक भाग पुसून, कागदात गुंडाळून, त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहायचा: 'महत्त्वाचा भाग'. अशी एकशेचाळीस पुडकी झाली. सगळ्यांवर 'महत्त्वाचा भाग'. ही बुद्धी इतकी वर्षं विजेच्या तारांजवळ सुखरूप कशी राहिली, देव जाणे!

या महिन्याच्या एक तारखेला ताई आल्या. ठोकळ्यांना वळसा घालून माझ्या दारावर हात ठेवला.

"माझा परवाना तीस तारखेला संपतोय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, पुढचा मिळायचा नाही. तेवढ्यात हिला एकदा चालवायचीय रे."

भावाचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून मात्र तो जेवायलाही हात पुसत पुसत जाऊ लागला. पुडकी सुटली, गिअरपेटी दुरुस्त होऊन बसली, चाकं लागली, पाहुण्यांखालच्या सीट परत आल्या. सत्तावीस तारखेला बॅटरी बसवायची वेळ आली.

"हिचा प्लस बॉडीला जोडायचा हं," ताई म्हणाल्या. "त्या वेळच्या इंग्लिश गाड्यांचं उलटं असतं."

"ताई, तू बाळं बघ. वीज मला शिकवू नकोस."

"अहो, पुस्तकातही तेच छापलंय," त्याची बायको म्हणाली. "तुम्ही लाल शाईने खोडलंय."

"छापताना चुकलंय ते!"

त्याने मायनस बॉडीला जोडला. मी नऊ वर्षांनी बोलले, दोन मिनिटं, आणि मग माझ्या पोटातून धूर निघाला. वायरी जळाल्या. यावर हा गृहस्थ काय म्हणाला असेल?

"इंग्रजांचं काम!"

ताईंनी चष्मा डबीत ठेवला. आणि घरी गेल्या. मित्रांनो, त्या शिव्या देत्या तर मला बरं वाटलं असतं.

भाऊ हत्यारांच्या पेटीवर बसला. मग त्याने फोन लावला. "ताई, ये. वायर तू सांग, मी जोडतो."

"सकाळी येते. तुझं ते पेन कपाटात ठेव."

दोन दिवस ताई स्टुलावर बसून सांगत होत्या आणि तो मान खाली घालून जोडत होता. तीस तारखेच्या दुपारी मी सुरू झाले. सुरूच राहिले. ताई स्टिअरिंगशी बसल्या. शेजारी भाऊ, मांडीवर आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन. गल्लीच्या टोकाला ताईंनी ब्रेक दाबला.

"उतर."

"अगं, पण..."

"उतर म्हटलं ना. आम्हां दोघींना जायचंय."

पुढच्या अर्ध्या तासाबद्दल मी काही सांगणार नाही. तो आमचा खासगी मामला आहे.

परत आल्यावर ताईंनी स्टिअरिंगवर हात थोपटला. म्हणाल्या, "झालं." आणि भाऊ कुठूनसं भलंमोठं पांढरं कापड घेऊन आला!

"आता हिला झाकून ठेवतो, ताई. खराब व्हायला नको."

माझं इंजिन बंद होतं म्हणून बरं. नाहीतर त्याच्या पायावरच गेले असते.

"ताई, किल्ली मला द्या," त्याची बायको म्हणाली. "माझा परवाना अजून अकरा वर्षं आहे. भाजी आणायचीय."

ताई मोठ्याने हसल्या आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. भाऊ कापड घेऊन उभाच.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण झाकून नव्हे. आम्हांला हाका, चिखलात घाला, बाजारात न्या. जिने चालवायचं तिच्या हाती वेळेवर द्या. परवाने कुणासाठी थांबत नाहीत. माझा राग नऊ वर्षांचा आहे, एका फेरीत जाणारा नाही.

बाकी मागणं काही नाही. तेवढं शेजाऱ्यांचं मांजर माझ्या गरम बॉनेटवर येऊन झोपलंय, त्याला कुणीतरी खाली उतरवा. जरा हळूच. नखं लागतात.